वेदनेचे औषध, विषाचा बाजार

रामकुंडावर रोज पहाटेपासून क्रियाकर्मे सुरू होतात. देशाच्या कानाकोपऱ्यातून लोक आपल्या माणसाच्या अस्थी घेऊन नाशिकला येतात. गोदाकाठच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून पिढ्यान्‌पिढ्यांची नावे सापडतात. दहाव्याचा पिंड ठेवला जातो आणि कावळा शिवेना झाला की सारे आप्त अस्वस्थ होतात. मग मोठा मुलगा हात जोडून पुढे होतो आणि म्हणतो, ''बाबा, काही राहून गेले असेल तर मी करीन.'' मृताची इच्छा अपुरी राहू नये याची केवढी ही काळजी! या काळजीमागे एक थोर संस्कार आहे, यात शंका नाही. परंतु प्रश्न असा आहे की, मृत्यूनंतरच्या तेरा दिवसांविषयी इतका काटेकोर असणारा आपला समाज मृत्यूपूर्वीच्या तेरा आठवड्यांविषयी इतका बेफिकीर कसा?

हा प्रश्न प्रस्तुत लेखकाला पुस्तकातून सुचलेला नाही. काही वर्षांपूर्वी जुन्या नाशकातील एक निवृत्त शिक्षक, शाखेवर आमच्या पिढीला घडवणारे कार्यकर्ते, तोंडाच्या कर्करोगाने अंथरुणाला खिळले. शस्त्रक्रिया झाली होती, किरणोपचार झाले होते, रोग पुन्हा उलटला होता. घास गिळणे बंद झाले होते. रात्री त्यांचे कण्हणे वाड्याच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येई. ज्या रुग्णालयात उपचार झाले तेथे मुलाने विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, ''आता करण्यासारखे काही नाही, घरीच ठेवा.'' वेदनेसाठी काही द्या म्हटले, तर नेहमीच्या गोळ्यांची चिठ्ठी मिळाली. गिळताच येत नसलेल्या माणसाला गोळ्या! एका परिचित डॉक्टरांनी फेंटॅनिलची पट्टी सुचवली. परंतु दुसऱ्याने सांगितले, ''नको, सवय लागेल.'' ज्याच्या आयुष्याचे जेमतेम दोन महिने उरले होते, त्याला सवय लागण्याची चिंता! अखेर मुंबईहून पट्टी आली. त्यानंतरचे अकरा दिवस सर शांत झोपले, नातीशी बोलले, दोन जुन्या मतभेदांबद्दल दोन जणांना बोलावून मन मोकळे केले. अकरा दिवस! त्याआधीचे दोन महिने त्यांच्यापासून कोणी हिरावून घेतले?

याच काळात, याच महाराष्ट्रात, त्याच कुळातील औषधांच्या गोळ्या कोट्यवधींच्या संख्येने तयार होत होत्या आणि समुद्रापार जाऊन कोवळ्या मुलांची आयुष्ये नासवीत होत्या. मरणासन्न माणसाला औषध मिळत नाही आणि नफेखोराला मुक्तद्वार आहे. असा हा उफराटा न्याय आहे. त्यावर स्पष्ट बोलण्याची वेळ आली आहे.

औषध कोणते, कशासाठी?

अफू भारताला नवी नाही. चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत तिचा उल्लेख नसला, तरी पुढच्या काळातील शार्ङ्गधरसंहिता आणि भावप्रकाश या ग्रंथांत 'अहिफेन' आढळते. अफूच्या चिकातून एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी जर्मनीत मॉर्फिन वेगळे काढण्यात आले. विसाव्या शतकात रसायनशास्त्राने आणखी एक पाऊल टाकले. अफूच्या झाडाचा आधारच न घेता, प्रयोगशाळेत तशीच क्रिया करणारी द्रव्ये तयार होऊ लागली. पेंटाझोसिन, ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल आणि फेंटॅनिल ही या कृत्रिम कुळातील नावे. बेल्जियममधील पॉल यान्सेन यांनी १९६० च्या सुमारास फेंटॅनिल सिद्ध केले. मॉर्फिनपेक्षा ते पन्नास ते शंभर पटींनी प्रभावी असते. म्हणूनच त्याची मात्रा मिलिग्रॅममध्ये नव्हे, तर मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागात मोजतात.

नाशिकच्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या वेळी भूलतज्ज्ञ हे औषध वापरतात. हृदयाची शस्त्रक्रिया असो, अपघातात मोडलेले हाड बसवणे असो, अतिदक्षता विभागात कृत्रिम श्वासावर ठेवलेला रुग्ण असो, फेंटॅनिल तेथे सेवकासारखे राबते. कर्करोगाच्या रुग्णाला त्याची पट्टी त्वचेवर लावतात आणि तिच्यातून औषध साधारण बहात्तर तास थोडेथोडे शरीरात उतरत राहते. ज्याचे तोंड किंवा अन्ननलिका रोगाने बंद केली आहे त्याला, किंवा मूत्रपिंड दुबळे झाल्याने ज्याच्या शरीरात मॉर्फिनचे अवशेष साचतात त्याला, ही पट्टी वरदान ठरते. ज्या महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली आणि तरीही टपऱ्याटपऱ्यांवर तो चोरून मिळतच राहिला, त्या महाराष्ट्राला तोंडाच्या कर्करोगाविषयी आणि या पट्टीच्या गरजेविषयी वेगळे सांगायला नको. ज्याला गिळता येते त्याच्यासाठी मात्र मॉर्फिनची साधी गोळी आजही पुरेशी आणि पट्टीपेक्षा कितीतरी स्वस्त आहे. महाग औषध म्हणजे श्रेष्ठ औषध, ही समजूत विक्रेत्यांनी पसरवलेली आहे.

आता या औषधाची दुसरी बाजू. हे कुळ मेंदूतील श्वसनाच्या केंद्राला मंद करते. मात्रा वाढली की माणूस झोपतो, श्वास संथ होतो आणि थांबतो. ज्याच्या शरीराला अशा औषधांची ओळख नाही, त्याच्या साध्या कंबरदुखीवर किंवा दात काढल्यानंतरच्या दुखण्यावर फेंटॅनिलची पट्टी लावणे हा जिवाशी खेळ आहे. पट्टीवर गरम पाण्याची पिशवी ठेवली किंवा अंगात सणकून ताप असला, तरी औषध वेगाने शरीरात उतरते. दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोबत घेतल्या, तर धोका कित्येक पटींनी वाढतो. वापरून काढलेल्या पट्टीतही औषध शिल्लक असते. ती चिकट बाजू आत दुमडून मुलांच्या हाती लागणार नाही अशी नष्ट करावी लागते. मात्रा जास्त झाल्यास नॅलोक्सोन हा उतारा उपलब्ध आहे. पण तो वेळेवर मिळाला तर.

आणि 'सवय'? येथे दोन गोष्टींची गल्लत होते. काही आठवडे औषध घेतल्यावर शरीर त्याला सरावते आणि ते एकाएकी बंद केले तर त्रास होतो. म्हणून ते हळूहळू कमी करायचे असते. हा शरीराचा धर्म आहे. व्यसन ही निराळी गोष्ट. औषधाच्या धुंदीसाठी जीव तळमळणे, त्यासाठी घरदार, लाजलज्जा सोडणे म्हणजे व्यसन. व्यसनाचा धोका खरा आहे. तरुण वयात, पूर्वी नशा केलेल्या माणसात, दीर्घकाळच्या किरकोळ दुखण्यावर बेजबाबदारपणे दिलेल्या औषधात तो मोठा आहे. परंतु जाणत्या डॉक्टरच्या देखरेखीखाली असलेल्या, शेवटच्या वाटेवरील रुग्णाला 'तू व्यसनी होशील' म्हणून तडफडत ठेवणे हा वैद्यकीय विवेक नव्हे. ते अज्ञान आहे आणि थोडे स्पष्ट बोलायचे तर क्रौर्य आहे.

भीतीचा कायदा

१९८५ साली संसदेने अमली पदार्थविरोधी कायदा केला. हेतू उत्तम होता. परंतु त्याच्या अंमलबजावणीत चोर आणि डॉक्टर एकाच दोरीने बांधले गेले. मॉर्फिन बाळगायचे तर चार-पाच निरनिराळे परवाने लागत; एका खात्याचा परवाना हाती येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपलेली असे. नोंदीत चूक झाली तर दहा वर्षांची सक्तमजुरी डोळ्यांपुढे दिसे. रुग्णालयांनी सोपा मार्ग पत्करला आणि औषध ठेवणेच बंद केले. परिणाम असा झाला की, बारा वर्षांत देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घसरला आणि १९९७ साली शंभर कोटींच्या उंबरठ्यावरील या देशाने वर्षभरात अवघे १८ किलो मॉर्फिन वापरले. डॉक्टरांची एक संपूर्ण पिढी हे औषध हाताळायला न शिकताच निवृत्त झाली.

यातील दैवदुर्विलास पाहा. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात शासनाच्या देखरेखीखाली अफूची शेती होते. गाझीपूरचा सरकारी कारखाना १८२० पासून चालू आहे. दुसरा नीमचला आहे. जगाला औषधी अफू पुरवणाऱ्या देशांत भारताचे स्थान अग्रभागी राहिले. आणि 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ साली जगाचा हिशेब मांडला, तेव्हा भारतातील रुग्णांच्या गरजेच्या केवळ चार टक्के इतकेच अफूवर्गीय वेदनाशामक त्यांच्यापर्यंत पोहोचत असल्याचे आढळले. धान्याचे कोठार ज्याच्या अंगणात, त्याचीच लेकरे उपाशी!

२०१४ साली कायद्यात सुधारणा झाली. मे २०१५ मध्ये मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधे 'अत्यावश्यक' म्हणून अधिसूचित झाली. अनेक परवान्यांच्या जागी राज्याच्या औषध नियंत्रकांची एकच मान्यता पुरेशी ठरली. वेदनाशमनाचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर असलेल्या रुग्णालयाला 'मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था' होता येते. म्हणजे कायद्याची बेडी बरीच सैल झाली आहे. तरीही आपल्या जिल्ह्यांतील किती रुग्णालयांनी हा अर्ज केला? आज अडसर कायद्याचा कमी आणि अनास्थेचा अधिक आहे. 'कशाला त्या नोंदवह्यांच्या भानगडीत पडायचे?' हे वाक्य ज्या खुर्चीतून उच्चारले जाते, त्या खुर्चीसमोर कधीतरी आपले वडील कण्हत पडलेले असतील, याचा विसर पडलेला असतो.

पालघर ते पश्चिम आफ्रिका

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीने एक वृत्त प्रसिद्ध केले. टॅपेंटाडॉल हे अफूवर्गीय वेदनाशामक आणि कॅरिसोप्रोडॉल हे स्नायू शिथिल करणारे, व्यसन लावणारे औषध यांचे मिश्रण असलेल्या गोळ्या मुंबईच्या एव्हिओ फार्मास्युटिकल्स या कंपनीकडून घाना, नायजेरिया, आयव्हरी कोस्ट या देशांकडे जात असून तेथील तरुणाई तिच्या आहारी गेल्याचे त्या वृत्तात म्हटले होते. हे मिश्रण भारतात विक्रीसाठी मान्य नव्हते. युरोपने कॅरिसोप्रोडॉलला व्यसनाच्या धोक्यामुळे २००७ मध्येच बाजूला सारले होते.

बीबीसीच्या भारतविषयक दृष्टिकोनाबद्दल आमचे मत वाचकांना ठाऊक आहे. परंतु घरात साप निघाला असे सांगणारा शेजारी आपल्याला आवडत नाही, म्हणून साप खोटा ठरत नाही. केंद्रीय औषध नियंत्रण संघटना आणि महाराष्ट्राचे अन्न व औषध प्रशासन यांनी २१ आणि २२ फेब्रुवारी रोजी संयुक्त तपासणी केली. सुमारे १ कोटी ३० लाख गोळ्या व कॅप्सूल आणि कच्च्या औषधाच्या २६ तुकड्या जप्त झाल्या; कामकाज थांबवण्याचा आदेश निघाला. या मिश्रणाच्या निर्यातीची ना-हरकत पत्रे आणि उत्पादनाच्या परवानग्या मागे घेण्याचे निर्देश केंद्राने दिले. कारवाई तत्पर झाली, तिचे स्वागत. परंतु ना-हरकत पत्र मागे घ्यावे लागले, याचा अर्थ ते आधी कोणीतरी दिले होते. जे औषध आपल्या मुलांसाठी मान्य नाही, ते आफ्रिकेच्या मुलांसाठी मान्य कसे झाले? या प्रश्नाचे उत्तर एखाद्या कारखान्याला टाळे ठोकून मिळत नाही.

हा पहिला प्रसंगही नव्हे. मे २०१७ मध्ये इटलीच्या जिनोव्हा बंदरात भारतातून लिबियाकडे निघालेल्या ट्रॅमाडॉलच्या ३ कोटी ७० लाख गोळ्या पकडल्या गेल्या. हा माल 'इसिस'च्या हस्तकांपर्यंत जाऊन त्यातून दहशतवादाला पैसा मिळणार असल्याचा इटालियन तपासयंत्रणांचा संशय होता. एप्रिल २०१८ मध्ये ट्रॅमाडॉल अमली पदार्थ कायद्याखाली आले. तेव्हा व्यापाऱ्यांनी काय केले? टॅपेंटाडॉलकडे मोर्चा वळवला. २०२५ चे प्रकरण उघड झाले, तेव्हा टॅपेंटाडॉल त्या यादीत नव्हते. यादीतल्या नावापुढे धावणे ही त्यांची नेहमीची चाल आहे. २०१८ साली इंदूर येथील एका प्रयोगशाळेतून महसूल गुप्तचर संचालनालयाने सुमारे नऊ किलो फेंटॅनिल पकडले. जानेवारी २०२५ मध्ये फेंटॅनिलसाठी लागणारी रसायने पाठवल्याच्या आरोपावरून सुरतेच्या दोन रसायन कंपन्यांवर अमेरिकेत खटले दाखल झाले. आणि नाशिककरांना ऑक्टोबर २०२३ आठवत असेलच. शिंदे गावच्या औद्योगिक परिसरात मेफेड्रोनचा कारखाना सापडला, तोही मुंबई पोलिसांना! मेफेड्रोन हे अफूच्या कुळातले नव्हे. परंतु आपल्या दाराशी कोणते रसायन शिजते आहे, याचा पत्ता नाशिकला मुंबईकडून लागावा, ही गोष्ट धडा घेण्यासारखी आहे.

या साऱ्याला इतिहासाचा एक काळाकुट्ट संदर्भ आहे. ईस्ट इंडिया कंपनीने बंगाल-बिहारमधील शेतकऱ्याला अफू पिकवायला लावली, ती चीनच्या गळी उतरवली आणि चीनने नकार दिला तेव्हा १८३९ ते १८४२ आणि पुन्हा १८५६ ते १८६० अशी दोन युद्धे त्याच्यावर लादली. माळव्याची अफू मुंबई बंदरातून जाई आणि त्या पैशावर मुंबईत हवेल्या उभ्या राहिल्या. त्याच काळात इंग्लंडमधील एका भारतीय पेढीत भागीदार असलेले दादाभाई नवरोजी यांनी अफू आणि मद्याच्या व्यापाराचा नफा आपल्याला नको, म्हणून ती पेढी सोडली. आज 'मेक इन इंडिया'चा अभिमान मिरवणाऱ्या प्रत्येक उद्योजकाने ही गोष्ट ध्यानी ठेवावी. कोविडच्या काळात भारताची लस जगभर पोहोचली, तेव्हा 'वसुधैव कुटुंबकम्' हे वचन आपण अभिमानाने उच्चारले. त्याच भारताच्या शिक्क्याची गोळी आक्राच्या गल्लीत एखाद्या मुलाला भ्रमिष्ट करीत असेल, तर ते कुटुंब कोणाचे? कंपनी सरकारने चीनशी जे केले, ते आपल्यापैकी कोणी आफ्रिकेशी करू लागला, तर तो राष्ट्राचा उद्योजक नव्हे; तो राष्ट्राच्या नावाला लागलेला कलंक आहे.

बंदीचा सोपा मार्ग

हे वाचून आपल्यापैकी अनेकांच्या तोंडी एकच शब्द येईल : बंदी. मोर्चा काढा, जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन द्या, ही औषधेच बंद करा. येथेच प्रस्तुत लेखकाचा आपल्याच लोकांशी वाद आहे.

बंदीचा प्रयोग आपण १९८५ नंतर अप्रत्यक्षपणे करून पाहिला आहे. मॉर्फिन रुग्णालयांतून गेले, पण नशेचा बाजार उठला नाही. ब्राऊन शुगर, खोकल्याची औषधे, इंजेक्शने यांनी तो भरून काढला. तस्कराला चिठ्ठी लागत नाही. चिठ्ठी लागते ती आजाऱ्याला. बंदीने जो आजारी असतो तो मरतो आणि जो तस्कर असतो तो भाव वाढवतो.

दुसऱ्या टोकाला अमेरिका उभी आहे. तेथे १९९६ मध्ये पर्ड्यू फार्मा या कंपनीने ऑक्सिकोडोनची गोळी बाजारात आणली, तिच्या व्यसनाचा धोका कमी असल्याचे डॉक्टरांच्या गळी उतरवले आणि साध्या पाठदुखीवरही ती लिहिली जाऊ लागली. २००७ मध्ये दिशाभूल केल्याची कबुली देऊन कंपनीने सुमारे ६० कोटी डॉलर भरले, २०२० मध्ये पुन्हा गुन्हा कबूल केला. तोवर पिढी बरबाद झाली होती. गोळी मिळेनाशी झालेले लोक हेरॉइनकडे आणि पुढे मेक्सिकोच्या टोळ्यांनी चिनी रसायनांपासून बनवलेल्या चोरट्या फेंटॅनिलकडे वळले. २०२२ या एका वर्षात अमेरिकेत अतिमात्रेने सुमारे १ लाख ८ हजार माणसे मेली. त्यांपैकी सुमारे ७४ हजारांच्या मृत्यूत फेंटॅनिलसारख्या कृत्रिम द्रव्यांचा हात होता. वेदनेला बाजारपेठ समजणाऱ्या संस्कृतीचे हे फळ आहे.

म्हणजे एका टोकाला भीतीने गोठलेली नोकरशाही आणि दुसऱ्या टोकाला लोभाने सुटलेला बाजार. दोन्हीकडे रुग्ण कोठेच नाही. या दोन्हींहून वेगळी वाट याच देशात निघाली आहे. डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये कोझिकोड येथे वेदनाशमनाचे काम सुरू केले. गल्लीगल्लीतील स्वयंसेवकांनी रुग्ण शोधायचे, परिचारिकेने घरी जायचे, प्रशिक्षित डॉक्टरने मॉर्फिन मोजून द्यायचे, प्रत्येक गोळीची नोंद ठेवायची. २०१८ मध्ये राजगोपाल यांना पद्मश्री मिळाली. केरळच्या राजकारणाशी आपले मतभेद आहेत आणि तेथे आपल्या कार्यकर्त्यांनी रक्तही सांडले आहे. परंतु चांगले काम जेथे झाले तेथून ते उचलावे. त्यात कमीपणा नाही. घरोघर जाणारा, मोबदला न मागणारा, नियमित येणारा कार्यकर्ता हेच जर या कामाचे भांडवल असेल, तर ते आपल्याइतके कोणाजवळ आहे?

भीष्मांची शरशय्या

आणखी एक अडसर आपल्या मनात आहे. वेदना हे पूर्वकर्माचे फळ आहे, ते भोगूनच संपवायचे; सहन करण्यातच पुरुषार्थ आहे, असे बोलले जाते. पू. श्रीगुरुजींवर १९७० मध्ये मुंबईत कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर १९७३ मध्ये देह ठेवीपर्यंत त्यांनी कार्य सोडले नाही, याच्या आठवणी आपण ऐकत आलो आहोत. भीष्मांचे उदाहरणही हमखास दिले जाते. परंतु महाभारत नीट वाचावे. भीष्म शरशय्येवर पडले तेव्हा शल्य काढण्यात निपुण असे वैद्य साहित्यासह तेथे आणले गेले होते. भीष्मांनी त्यांना सन्मानाने परत पाठवले. वैद्य आले होते. नकार देण्याचा अधिकार भीष्मांचा होता. आपल्या घरच्या भीष्मांकडे वैद्य येतच नाही आणि आपण त्यांच्या असहायतेला तितिक्षा असे भव्य नाव देतो.

याहून महत्त्वाचे पुढे आहे. शांतिपर्वात युधिष्ठिराला राजधर्म सांगण्याची वेळ आली, तेव्हा भीष्म म्हणाले की, बाणांच्या वेदनेने माझी बुद्धी स्थिर नाही, वाणी चालत नाही. तेव्हा श्रीकृष्णाने त्यांना वर दिला आणि त्यांची ग्लानी, दाह आणि वेदना दूर केल्या. त्यानंतरच शांतिपर्वातील तो अमोल उपदेश जगाला मिळाला. प्रत्यक्ष भगवंताने वेदना हे कर्मफल आहे, भोगा, असे म्हटले नाही. त्याने प्रथम वेदना हरण केली आणि मग ज्ञान मागितले. चरकानेही वैद्याच्या वृत्तीत आर्तांविषयी कारुण्य सांगितले आहे. तेव्हा वेदनाशमनाला परधर्मीय किंवा पाश्चात्त्य कल्पना समजण्याचे कारण नाही. वेदनेने पिळवटलेल्या माणसाला नामस्मरणही सुचत नाही. त्याची वेदना शमवणे म्हणजे त्याला आपला शेवट शुद्धीवर, आपल्या माणसांत, देवाचे नाव घेत गाठू देणे होय.

नाशिकने काय करावे?

महाराष्ट्राने २०१२ मध्ये उपशामक सेवेचे, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरचे धोरण स्वीकारले आणि त्या कामाच्या प्रारंभीच नाशिक जिल्ह्याचे नाव होते. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून याच नगरीत आहे. राज्यभरातील भावी डॉक्टर याच विद्यापीठाचे विद्यार्थी असतात. २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमात वेदनाशमनाला स्थान मिळाले आहे. ते परीक्षेपुरते न राहता, अंतिम वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एका तरी मरणासन्न रुग्णाच्या घरी जाऊन मॉर्फिनची मात्रा ठरवताना आपल्या शिक्षकाला पाहिले पाहिजे, असा आग्रह नाशिककरांनी धरावा. जिल्हा रुग्णालयात आणि शहरातील कर्करोगावर उपचार करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयात अत्यावश्यक औषधांची मान्यता आणि साठा आहे की नाही, हे आमदारांनी आणि नगरसेवकांनी विचारावे. सिंहस्थासाठी रस्ते आणि घाट बांधणाऱ्या शहराला वेदनाशमनाचा एक कक्ष जड नाही.

निर्यातीचा नियम साधा असावा. जे मिश्रण भारतीय रुग्णासाठी मान्य नाही, ते कोणत्याही देशासाठी येथे बनू नये. अफूवर्गीय द्रव्याच्या प्रत्येक कारखान्याचा कच्चा माल आणि पक्का माल यांचा मेळ राज्याच्या प्रशासनाने घ्यावा, आणि औषध निरीक्षकांच्या रिकाम्या जागा भराव्यात. केमिस्ट बंधूंनीही चिठ्ठीविना ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल विकणे हा धंदा नव्हे, गुन्हा आहे, हे मनाशी ठरवावे. आणि घरातील आयाबहिणींनी मुलांच्या दप्तरात रिकाम्या गोळ्यांच्या पट्ट्या सापडल्या, तर 'डोकेदुखीच्या असतील' म्हणून डोळेझाक करू नये.

परंतु सर्वांत आधी आपण काय करणार? परळच्या नाना पालकर स्मृती समितीने टाटा रुग्णालयात येणाऱ्या गरीब रुग्णांना आणि त्यांच्या नातलगांना दशकानुदशके आसरा दिला आहे. नाशकात श्रीगुरुजी रुग्णालय उभे आहे. संघाचे संस्थापक स्वतः वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉक्टर होते. ही परंपरा ज्यांची, त्यांनी आपल्या वस्तीत आज अंथरुणाला खिळलेले रुग्ण किती, त्यांपैकी वेदनेत किती, त्यांना कोणता डॉक्टर पाहतो, एवढी साधी नोंद एका महिन्यात करावी. आठवड्यातून दोन संध्याकाळी दोघांनी त्या घरी जावे, रुग्णाची वेदना डॉक्टरांना कळवावी, औषध वेळेवर आणि ठरलेल्याच मात्रेत घेतले जाते का ते पाहावे, उरलेले औषध परत करावे. त्यासाठी ना मोठा निधी लागतो, ना इमारत.

आमच्या सरांच्या दहाव्याला आम्ही सारे रामकुंडावर होतो. मुलाने हात जोडून तेच वाक्य म्हटले : ''काही राहून गेले असेल तर मी करीन.'' काय राहून गेले, हे तेथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. ते त्यांच्यासाठी करता येणे आता शक्य नाही. त्यांच्यानंतर आपल्या शाखेच्या, आपल्या आळीच्या ज्या घरी कोणी असाच कण्हत पडला असेल, त्याच्यासाठी ते करता येईल. आणि ते या आठवड्यातच करता येईल.